माया साराभाई नक्की कुणी घडवली?

तिरफळ
ऑक्टोबर २०२५ मध्ये सतीश शहा गेले आणि तेव्हापासून आमच्या घरी 'साराभाई व्हर्सेस साराभाई' परत सुरू झालंय, रोज जेवताना एक एपिसोड. नवरा इंद्रवदनसाठी (म्हणजे इंदू, सतीश शहांनी केलेला सासरा) बघतो, लेक (वय १६, सगळ्याला 'क्रिंज' म्हणणारी) धाकट्या मुलाच्या, रोसेशच्या कवितांसाठी बघते. २००४ ला स्टार वनवर हे लागायचं तेव्हा मी नवी नवरी होते आणि मला फक्त सून मोनिशा दिसायची. सासरच्या किचनमध्ये आपण काहीही केलं तरी कुणीतरी मागे उभं आहे असं वाटण्याचे दिवस होते ते.

आता वीस वर्षांनी बघतेय तर लक्षात आलं की मी सगळा वेळ सासूकडे, मायाकडे बघतेय. म्हणजे मोनिशा बोलत असते, इंदूचा वात्रटपणा चालू असतो, आणि माझी नजर कोपऱ्यात उभ्या मायाच्या चेहऱ्यावर. तिला त्या क्षणी एकही वाक्य नसतं तरी!

तर प्रश्न असा. माया कागदावर काय आहे? कफ परेडला राहणारी श्रीमंत, इंग्रजाळलेली, सुनेला सतत 'मिडल क्लास' म्हणून टोचणारी सासू. अशी बाई खरं तर डोक्यात जायला पाहिजे. ती आवडते कशी? आतिश कपाडियांनी लिहिलंच तसं, की रत्ना पाठक शहांनी त्यात काहीतरी घातलं जे लिहिलेलं नव्हतं? मला दुसरं वाटतं. तुम्हाला?

सव्वानऊची_फास्ट
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चकलीचा_सोऱ्या
पॉपकॉर्न? किती मिडल क्लास. माया असती तर कॅनापे म्हणाली असती.

मनीषा_जोगळी
सुरुवातीलाच निषेध नोंदवते. माझं नाव मनीषा. आमच्या वर्गात चार मनीषा होत्या, बाई हाक मारायच्या ती आडनावाने. आणि ह्या बयेने सुनेचं मनीषाचं मोनिशा केलं, का तर मनीषा फार मिडल क्लास! २००४ पासून ऑफिसात मला अर्धे लोक मोनिशा म्हणतात. रत्नाबाईंवर माझा वैयक्तिक राग आहे आणि तरी मी हा धागा फॉलो करणार आहे, यातच काय ते समजा.

निवांत_नंदू
हहपुवा (हसून हसून पुरेवाट) मनीषा.

तिरफळ, माझ्या मते उत्तर एका शब्दात आहे, आवाज. माया आवाज चढवत नाही. टीव्हीवरच्या सासवांची ती पिढी आठवा, २००४ म्हणजे 'क'च्या मालिकांचा भर काळ, सासू वळून बघायची तर तीन वेळा कॅमेरा झूम व्हायचा आणि ढॅण ढॅण. तिथे ही बाई घोळदार साडीत येऊन हळू आवाजात, जवळजवळ काळजीने, 'मोनिशा बेटा' म्हणते. ते 'बेटा' मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुढे जो अपमान येणारे त्याला आधी लोणी लावून ठेवलेलं असतं. आणि खोटं लोणी नाही हं, तिला खरंच वाईट वाटतंय की ही मुलगी अशी का वागते. मायाला कधी वाटतच नाही की आपण अपमान करतोय. तिला वाटतं आपण समाजकार्य करतोय.

भाजणी
निवांत नंदू +१, मोदक घ्या.

मी हौशी नाटकवाली आहे (राज्यनाट्य, एकांकिका, बक्षिसं कमी आणि चहा जास्त). तर माझा अनुभव लिहिते, लांबेल जरा.

पाचसहा वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपने एक एकांकिका केली त्यात मला अशीच एक नकचढी बाई करायची होती. मला दिग्दर्शक म्हणाला माया साराभाईसारखं कर. मी म्हणलं हात्तिच्या, सोप्पं आहे, नाक वर, मान ताठ, इंग्लिश शब्द लांबवून बोलायचे. तालमीत सगळे हसले. प्रयोगाला एकही लाफ्टर नाही! अक्षरशः एकही नाही. वाक्य टाकलं की समोर शांतता, आणि पहिल्या रांगेतले परीक्षक काहीतरी लिहितायत.

मग घरी येऊन मी मालिकेचे एपिसोड लावले आणि चक्क वही घेऊन बसले. तेव्हा दिसलं की मी माया नव्हते करत, मी मायाची थट्टा करत होते. म्हणजे प्रेक्षकाला मी सांगत होते की बघा बघा ही बाई कशी हास्यास्पद आहे. रत्ना पाठक हे कधीच करत नाही. ती मायाला बाहेरून बघत नाही. तिच्या मायाला सोफ्याच्या कव्हरचा रंग चुकणं म्हणजे खरोखर घरात दुःखद घटना आहे. डोळ्यात पाणी येईल इतकं गंभीर. आणि ते बेअरिंग एकदाही सुटत नाही, समोर सतीश शहांसारखा माणूस मुद्दाम ते सोडवायला बसलेला असताना.

दुसरं म्हणजे लाफ्टर कुठे पडेल ते तिला माहितीय पण ती तिथे थांबत नाही. आपल्याकडे पंच आला की नट अर्धा सेकंद प्रेक्षकाकडे 'कळलं ना?' असं बघतात. ही वाक्य टाकते आणि पुढच्या कामाला लागते. उशी सरळ करते, कप उचलते. आपण मागे राहून हसत बसतो.

सुपारी_कातर
मला वाटलंच होतं इथे सगळे नटीच्या बाजूने जाणार. मी विरुद्ध बाजू घेतो, दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

लेखकाला आपल्याकडे कुणी विचारत नाही. बघा, २००२ ला स्टार प्लसवर 'खिचडी' आली, त्यातली हंसा. दोन वर्षांनी 'साराभाई'. दोन्ही एकाच घरातून आलेल्या, जेडी मजेठिया आणि आतिश कपाडिया. एकाच लेखणीतून हंसा पण येते, माया पण येते, इंदू येतो, रोसेश येतो, दुष्यंत येतो, मधुसूदन फुफा येतो. फुफा तर एका 'हैं?' वर अख्खा सीन खातो. मग काय, प्रत्येक ठिकाणी नटानेच घडवलं? प्रत्येक नट एवढा योगायोगाने ग्रेट निघाला? काहीतरी कागदावर असणारच ना राव. मायाची वाक्यं वाचून बघा, नुसती वाचली तरी हसू येतं.

आणि माझा हुकमी एक्का. २०१७ ला हॉटस्टारवर दुसरा सीझन आला. तेच नट, तीच रत्ना पाठक, तोच आवाज, तेच 'बेटा'. चाललं का? माझ्या ओळखीत एक माणूस नाही ज्याला तो पहिल्याइतका आवडला. नटीने कॅरेक्टर घडवलं असतं तर तेव्हाही उभं राहायला हवं होतं.

तिरफळ
सुपारी कातर, हा मुद्दा खरंच चांगला आहे आणि मला आत्ता उत्तर सुचत नाहीये. विचार करून लिहिते. (पोळ्या करायच्यात, मोनिशासारखं बाहेरून मागवलं तर बिल बघून इंदूपण हसणार नाही.)

पेणचा_पापड
ओ पण हंसा आणि माया सख्ख्या बहिणी आहेत हे कुणी बोलणार आहे का नाही

सव्वानऊची_फास्ट
म्हणजे??? मला माहीत नव्हतं!

पेणचा_पापड
अहो सुप्रिया पाठक आणि रत्ना पाठक, दीना पाठकांच्या मुली. दीना पाठक म्हणजे 'गोलमाल'मधली खोटी आई, खिडकीतून चढून घरात येते ती. आणि दोघी बहिणींनी १९८५ च्या सुमारास दूरदर्शनवर 'इधर उधर' पण केलेली एकत्र, ती माझ्या मोठ्या बहिणीला आठवते मी तेव्हा पाळण्यात

कोकमाचं_आगळ
पापड म्हणतात ते बरोबर. आणि गंमत बघा, दोघी वाढल्या कुठे, तर दादरच्या पारशी कॉलनीत! कफ परेडवाल्या मायाला दादर म्हणजे टॅक्सीची काच वर करून जायची जागा. मला नेहमी वाटतं की रत्नाबाईंना मायाचा तोरा एवढा बारीक कळतो कारण त्यांनी तो समोरच्या बाजूने बघितलेला असणार. जो जन्मतः तिथला असतो त्याला आपला तोरा दिसत नाही. हा माझा अंदाज हं, त्या असं कुठे म्हणाल्यात असं नाही.

अजून एक. १९८० च्या 'खूबसूरत'मध्ये दीना पाठकांनी घराला शिस्त लावणारी कडक बाई केली होती. २०१४ ला सोनम कपूरचा 'खूबसूरत' आला त्यात तीच जागा रत्ना पाठकांनी केली. आईचाच रोल लेकीने केला. दोन्ही पाठोपाठ बघा कधी. आईचा धाक आवाजात आहे, लेकीचा धाक गप्प बसण्यात.

झुळूक७९
मी वेगळं लिहिणार आहे, राग मानू नका.

मला माया बघवत नाही. मालिका चांगली आहे, कामं उत्तम आहेत, मान्य. पण माझ्या पहिल्या नोकरीत (नाव घेत नाही) एक सीनियर बाई होत्या, अशाच, हळू आवाज, गोड हसणं. मी बदलापूरहून यायचे. माझा डबा उघडला की त्या 'ओह, इंटरेस्टिंग' म्हणायच्या. बस एवढंच. कधी वाईट शब्द नाही. मी तीन महिन्यांनी डबा न्यायचा बंद केला, वडापाव खाऊन परत जागेवर. सुकटीची चटणी असायची माझ्या डब्यात, आईच्या हातची.

त्यामुळे 'मोनिशा बेटा' ऐकलं की मला हसू यायच्या आधी पोटात काहीतरी होतं. आता तुम्ही म्हणाल की हेच रत्ना पाठकचं यश. असेल. पण मला त्याचा त्रास होतो हेही खरंय.

भाजणी
झुळूक, राग कसला. उलट हे वाचून मी थांबलेच.

तुझ्या त्या बाईत आणि मायात मला एक फरक वाटतो, चूक असेल तर सांग. तुझ्या त्या बाई कधी हरल्या नाहीत. माया प्रत्येक एपिसोडला हरते. इंद्रवदन तिला हरवतो, मोठा मुलगा साहिल दोघींच्या मध्ये सापडून शेवटी बायकोच्या बाजूने काहीतरी बोलतो, मोनिशाला तर निम्म्या वेळा टोमणा कळतच नाही त्यामुळे तो वाया जातो. आणि सगळ्यात मोठा पराभव म्हणजे रोसेश.

निवांत_नंदू
रोसेश!! हाच मुद्दा लिहायला आलो होतो.

अख्ख्या मुंबईला अभिरुची शिकवणारी बाई, आणि हिला जगातली सगळ्यात भिकार कविता ऐकून गहिवर येतो, कारण ती आपल्या लाडक्याने केलीय. त्या कविता चालू असताना राजेश कुमारकडे बघू नका (कठीण आहे, माहितीय), मायाचा चेहरा बघा. तिथे एक टक्काही खोटेपणा नाही. नाटकी कौतुक केलं असतं तर तो फक्त विनोद झाला असता. ती खरंच भारावून जाते. म्हणजे ह्या बाईच्या सगळ्या परीक्षा, सगळे निकष, पोरापुढे धुळीला मिळतात. आणि आपण हसता हसता म्हणतो, अरे ही तर आपली आई. माझ्या आईला माझं गाणं आवडायचं. मी गायचो ते ऐकून शेजारी खिडक्या लावायचे.

चकलीचा_सोऱ्या
नंदू, शेजारी आम्हीच. अजून लावतो.

बे_एरियातला_बंड्या
इकडे पोरं तिसऱ्यांदा बघतायत साराभाई, सबटायटल लावून. मोठा म्हणाला की माया इज सॅव्हेज. मी म्हणलं अरे सॅव्हेज नाही, ती संस्कारी आहे, तोच तर प्रॉब्लेम आहे.

अवांतर: इथे अमेरिकेत ह्या विषयावर चर्चा सुरू झाली की ल्यूसिल बॉलपासूनच होते. 'आय लव्ह ल्यूसी', १९५१ ते ५७. ल्यूसी म्हणजे बरोब्बर उलटी पद्धत, सगळं शरीराने, तोंड, हात, पडणं, धडपडणं. पण एक साम्य वाटतं. ल्यूसीला पण कधी वाटत नाही की आपण विनोदी आहोत. ती जीव तोडून काहीतरी साध्य करायला बघत असते. मुलांना दोन्ही आवडतं, माझ्या बायकोला दोन्हीपेक्षा मी भांडी घासलेली आवडतात.

सुपारी_कातर
रोसेशचा मुद्दा लिहून तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध करताय. हा आंधळेपणा कुणी ठेवला मायात? लेखकाने!

निवांत_नंदू
ठेवला लेखकाने. पण गहिवर कुणी आणला? स्क्रिप्टमध्ये फार तर 'माया भारावते' एवढं लिहिलेलं असेल. भारावते म्हणजे नक्की काय करते, हे तर तिने ठरवलं.

कुमुदकाकू
नमस्कार मंडळी. मी वयाने इथे सगळ्यांपेक्षा मोठी असेन, ७१ पूर्ण. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

तुमचं साराभाई मी पाहिलं आहे आणि आवडलं आहे. पण विनोदी मालिकेतल्या बाईचं नाव काढलंत आणि कुणालाच रीमा लागू आठवू नये याचं नवल वाटलं. १९९४ ला 'श्रीमान श्रीमती' आलं त्यातली कोकी, केशव कुलकर्णीची बायको. आणि त्याच सुमारास 'तू तू मैं मैं', सचिनने दिग्दर्शित केलेलं, सून सुप्रिया पिळगांवकर. तेव्हा रीमा अवघी ३६ वर्षांची होती! 'मैंने प्यार किया' आणि 'हम आपके हैं कौन' यामुळे सगळ्या देशाला ती आदर्श आई म्हणून पाठ झालेली. त्याच चेहऱ्याने, त्याच मऊ हास्याने ती सुनेच्या विरुद्ध डाव रचायची. डोळ्यांत खट्याळपणा आणि ओठांवर देवघर. दुसरी कुणी केली असती तर ती खाष्ट सासू झाली असती. हिला बघून वाटायचं की या दोघी भांडल्या नाहीत तर दोघींनाही करमणार नाही.

आम्ही तिला रंगभूमीवर पाहिलेली. 'पुरुष'मध्ये पाहिलेली, 'सविता दामोदर परांजपे' तर अंगावर काटा. नाटकात असं काम केलेली बाई विनोदात आली की तिच्या विनोदाला वजन असतं. ते माझ्या मते रत्ना पाठकमध्येही आहे, ती एनएसडीची (राष्ट्रीय नाट्य विद्यालय), नवरा नसीरुद्दीनबरोबर त्यांच्या मॉटली या नाटकमंडळीची नाटकं अजून करते. २०१७ च्या मे महिन्यात रीमा गेली. आमच्या घरी त्या दिवशी कुणी टीव्ही लावला नाही.

तिरफळ
कुमुदकाकू, नमस्कार करते. तुम्ही लिहीत जा हो अजून. टंकायला वेळ लागू दे.

कोकमाचं_आगळ
काकू, अगदी अगदी. 'ओठांवर देवघर' हे मी वापरणार आहे, नाव तुमचं सांगून.

यावरून आठवलं, प्रिया तेंडुलकर. 'हम पांच' मध्ये अशोक सराफची पहिली बायको, मेलेली, भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी. म्हणजे हात नाहीत, चालणं नाही, नुसती चौकट आणि त्यात चेहरा. तेवढ्यात किती काय करायची ती! 'रजनी' म्हणून आधी सगळ्या देशाला जाब विचारून झालेला, आता फोटोतून नवऱ्याला.

सव्वानऊची_फास्ट
फोटोतली माणसं म्हणाल तर 'जाने तू या जाने ना'. नसीर फोटोत आणि फोटोसमोर भांडणारी बायको रत्ना पाठक. बघा, फिरून तिथेच आलो.

पेणचा_पापड
मराठीतली माया कुठे राहिली असती यावर चर्चा व्हावी अशी नम्र विनंती

चकलीचा_सोऱ्या
प्रभात रोड. बंगल्याचं नाव 'स्वर' किंवा 'आलाप'. सुनेला म्हणेल, 'मनीषा, बाळ, भीमसेनजींना भीमसेन जोशी असं पूर्ण नाव घेऊन कोण म्हणतं गं?'

झुळूक७९
छे, शिवाजी पार्क. 'बाळ, आपण डी-मार्टला जात नाही. आपण लक्ष्मीला पाठवतो.'

मनीषा_जोगळी
पार्ले पूर्व. 'तूप तू विकत आणलंस? पिशवीतलं?' एवढंच म्हणून गप्प. आणि परत मनीषाच का?? सून स्मिता नाही का असू शकत, सीमा नाही का!

निवांत_नंदू
पुण्यातली माया बोलणारच नाही. पाटी लावेल.

सव्वानऊची_फास्ट
नंदू, मेलो.

भाजणी
करेल कोण पण? मला वंदना गुप्ते वाटतात. किंवा नीना कुळकर्णी, हळू आवाजात कापण्यासाठी.

कुमुदकाकू
सुहास जोशी. वाद नको.

पेणचा_पापड
बरं काकू

एक_कप_कोरा
वाचनमात्र होतो पण राहवलं नाही. तुम्ही सगळे ठसठशीत बायकांबद्दल बोलताय, ज्यांची एक लकब आहे, एक वाक्य आहे. हंसाचं 'खाना खाके जाना हां', मायाचं मिडल क्लास. मग 'श्रीयुत गंगाधर टिपरे'तली श्यामला कुठे बसवणार? शुभांगी गोखले. २००१ पासून अल्फा मराठीवर, केदार शिंदेंची. टिपरे म्हणलं की सगळे आबा म्हणजे प्रभावळकर म्हणतात, बरोबरच आहे, मूळ पुस्तक 'अनुदिनी' त्यांचंच. पण घर उभं केलंय ते श्यामलाने. ना तकियाकलाम, ना वेगळा आवाज. ती चिडली की आपल्या घरात कुणीतरी चिडलंय असं वाटायचं. माझी आई स्वयंपाकघरातून ओरडली की आम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचो आणि मग कळायचं की टीव्हीतूनच आला होता.

तीच शुभांगी गोखले पुढे 'लापतागंज'मध्ये मिश्री मौसी झाली, म्हणजे लकब करता येत नाही असं नाही. इथे नको म्हणून नाही केली. नट काय टाळतो ते पण घडवणंच ना.

सुपारी_कातर
हा प्रतिसाद आवडला. वाद बाजूला ठेवून, टाळण्याचा मुद्दा एकदम पटला.

बे_एरियातला_बंड्या
बाय द वे, मोनिशाबद्दल कुणीच बोलत नाहीये. रूपाली गांगुली म्हणजे इंदूच्या पार्टीतली, सेलमधून वस्तू उचलणारी, आणि २०२० पासून तीच 'अनुपमा', भारतभरच्या मिडल क्लासचा झेंडा खांद्यावर! मायाला कळलं तर काय होईल.

मनीषा_जोगळी
आणि ती 'अनुपमा' म्हणजे आपल्या 'आई कुठे काय करते'ची चुलत बहीण. दोन्ही मूळच्या बंगाली 'श्रीमोयी'वरून. माझ्या सासूबाई दोन्ही बघायच्या आणि दोन्हीकडे तेच झालं की मला फोन करून सांगायच्या, 'बघ, मी म्हणलं नव्हतं?'

तिरफळ
परत आले. दोन दिवस उत्तर शोधत होते सुपारी कातर यांच्या एक्क्याला, आणि दुसऱ्या सीझनचे तीन एपिसोड पण बघितले त्यासाठी. मला सापडलंय ते लिहिते, पटलं तर बघा.

दुसऱ्या सीझनमध्ये रत्ना पाठक कुठेही कमी पडत नाही. पण तिथली सगळी माणसं आता स्वतःला ओळखतात. म्हणजे मायाला माहितीय की ती 'माया साराभाई' आहे, तिची वाक्यं टीशर्टवर छापली जातात. लिहिणाऱ्यालाही माहितीय, बघणाऱ्यालाही. पहिल्यात ते कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा टीआरपीही यथातथाच होता, २००६ ला बंद पण पडली. कुणी बघत नाहीये अशा घरात ती माणसं भांडत होती. भाजणीने लिहिलंय ना की ती मायाची थट्टा करत होती आणि रत्ना पाठक करत नाही, तसंच काहीतरी मालिकेचं झालं, आख्खी मालिकाच स्वतःची नक्कल करायला लागली. अशा वेळी एकटी नटी किती धरून ठेवणार. म्हणजे अर्धा मुद्दा तुम्हाला दिला. कागदावर जमीन नसेल तर उभं राहायला जागा नाही. पण जमीन असताना ती ज्या पद्धतीने उभी राहिली ते लिहून देता येत नाही, यावर मी ठाम आहे.

आणि सतीश शहा. हे राहूनच गेलं होतं लिहायचं. 'फिल्मी चक्कर'मध्ये नव्वदीत हे दोघं आधीच नवरा-बायको होऊन गेलेले, त्यामुळे इंदू आणि मायाचं लग्न खरंच जुनं वाटतं. तो तिला चिडवतो तेव्हा ती चिडते, पण आत कुठेतरी तिला तो हवाच असतो, नाहीतर ती कुणासमोर एवढी परफेक्ट राहणार? एक गंमत म्हणजे तेव्हा रत्नाबाई ४७ च्या आणि मुलगा साहिल झालेला सुमीत राघवन ३३ चा. चौदा वर्षांचं अंतर! एकदाही खटकलं नाही मला.

सुपारी_कातर
अर्धा मुद्दा घेतला. उरलेला अर्धा हप्त्याने द्या.

झुळूक७९
तिरफळ, तुझं वाचून मी काल एक एपिसोड लावला, बऱ्याच वर्षांनी. रोसेशच्या कवितेला हसले. 'बेटा'ला अजून नाही. बघू.

आज ऑफिसला सुकटीची चटणी नेली होती. आता मीच सीनियर आहे, कोण बोलणार!

भाजणी
झुळूक, माझ्यासाठी पण आण.

तिरफळ
झुळूक +१००.

शेवटचं एक, लेकीने काल विचारलं, 'आई, तू कोण, माया की मोनिशा?' मी अर्थातच म्हणलं मोनिशा, वीस वर्षं मोनिशाच आहे मी. तर म्हणते, 'आज्जी भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून घासाघीस करत होती ना, तेव्हा तुझा चेहरा बघितला मी. तू काही बोलली नाहीस. फक्त पर्सची चेन नीट लावलीस.'

चकलीचा_सोऱ्या
तिरफळ, बाळ... कोथिंबीर तू स्वतः आणायला गेलीस?

पेणचा_पापड
रोसेशच्या कवितांचा वेगळा धागा काढा कुणीतरी, मी पहिली कविता टाकतो, स्वतःची आहे

निवांत_नंदू
नको.

पेणचा_पापड
काढला